आठवा सायकलस्वार दिवसभर काय करतो?

पत्र: मुलगा सतरा वर्षांचा आहे. अभ्यासात चांगला, गणित तर फारच चांगलं. दोन वर्षांपासून रोड सायकलिंगनं त्याला झपाटलंय. पहाटे उठून सायकल काढतो, उरलेल्या वेळात शर्यती पाहतो, खोलीच्या भिंतीवर पोगाचारची चित्रं. दोन खुल्या शर्यतींत पहिल्या दहांत आला आणि तेव्हापासून म्हणतो, 'शिक्षण थांबवतो, पूर्णवेळ सायकलच चालवतो. एव्हनपूल एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक झाला, मला आधीच उशीर झालाय.' त्याचे बाबा ठाम नाही म्हणाले, तेव्हापासून घरात अबोला आहे. मला स्वतःला अपघाताची जास्त भीती वाटते. यात खरंच करिअर असतं का? आम्ही त्याला अडवावं की सोडावं? – एक आई

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. त्याच्या भिंतीवर फक्त जिंकणारा माणूस आहे. पोगाचारनं २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ अशी चार वेळा टूर द फ्रान्स ही सायकलिंगची सगळ्यात मोठी शर्यत जिंकली. त्याला पाहून कुणालाही हा खेळ आवडेल, पण त्याला पाहून हा पेशा कळत नाही. पेशा कळायचा असेल तर त्याच्या पुढे सायकल कोण चालवतंय ते पाहावं लागतं. म्हणून अबोला मोडून त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा करिअर, पैसा, भविष्य यांतलं काहीच काढू नका. एवढंच विचारा, की संघातला आठवा सायकलस्वार दिवसभर काय करतो?

त्याला उत्तर येत असेल तर तो भरभरून बोलेल आणि तुम्हाला खेळ समजेल. येत नसेल तर तो शोधायला लागेल. तुमच्यापुरतं मी सांगते.

टूरमध्ये प्रत्येक संघाचे आठ जण उतरतात. तीन आठवडे, एकवीस टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. वेळ प्रत्येकाची वेगळी मोजतात, पण लढतो तो संघ, आणि याचं कारण वारा. सपाट रस्त्यावर वेगात जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून गेलं, तर तोच वेग ढोबळमानानं एक तृतीयांश कमी ताकदीत राखता येतो. आपला म्होरक्या शेवटच्या घाटापर्यंत ताजातवाना राहायला हवा असेल, तर चार-पाच तास कुणीतरी त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. अशा माणसाला या खेळात 'डोमेस्टिक' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घरगडी.

उन्हाचा एखादा टप्पा डोळ्यांपुढे आणा. कानातल्या रेडिओवर सूचना येते. हा पॅडल मारायचं थांबवतो, दीडशे जणांचा घोळका स्वतःला ओलांडून जाऊ देतो आणि मागून येणाऱ्या संघाच्या गाडीशी येतो. खिडकीतून एकेक बाटली बाहेर येते. दोन सायकलच्या पिंजऱ्यांत, तीन पाठीवरच्या खिशांत, उरलेल्या मानेपासून जर्सीच्या आत, थेट पाठीवर. घामेजल्या कातडीला थंडगार प्लास्टिक लागतं आणि अंगावर चार-पाच किलोंचं ओझं चढतं. आता तोच घोळका मागून कापत पुढे जायचं, कारण तहानलेले सगळे पुढे आहेत. बाटल्या वाटून झाल्या की पुन्हा वाऱ्यात. शेवटचा घाट सुरू होतो तेव्हा याची ताकद संपलेली असते. तो बाजूला होतो, कॅमेऱ्याची मोटरसायकल पुढे निघून जाते. पण याचा दिवस अजून संपलेला नसतो. मागे पडलेल्यांच्या टोळीत सामील होऊन त्यानं ठरलेल्या वेळेच्या आत रेषा ओलांडायची असते, नाहीतर उद्या सुरुवातच करता येत नाही.

हे मी त्याला घाबरवायला लिहीत नाही. या कामाला मोठा मान आहे आणि तो घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. १९३४ च्या टूरमधली रेने व्हिएत्तोची गोष्ट त्याला जरूर सांगा. वीस वर्षांचा पोरगा, पहिलीच टूर, आल्प्सचे टप्पे जिंकत आलेला. पिरेनीजमध्ये त्याच्या संघाचा म्होरक्या आंतोनँ मान्य याचं चाक मोडलं. व्हिएत्तोनं स्वतःचं पुढचं चाक काढून त्याला दिलं आणि दुसरं चाक येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर रडत बसून राहिला. त्याचा तो फोटो पुढे जगभर गाजला. दुसऱ्या दिवशी तर तो पुढे निघून गेला होता. मान्य पुन्हा अडकल्याचं कळलं तेव्हा तो वळला, उतरून आलेला घाट उलटा चढून गेला आणि पुन्हा मदत केली. ती टूर मान्यनं जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला आणि टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

अलीकडचं उदाहरण मॅथ्यू हेमनचं. हा ऑस्ट्रेलियन आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबला. फ्रान्सच्या उत्तरेला दगडी फरसबंदीवरून होणारी पॅरिस-रुबे ही त्याची लाडकी शर्यत. २०१६ मध्ये तिला सहा आठवडे उरले असताना पडून त्याचा हात मोडला. रस्त्यावर जाता येईना, म्हणून त्यानं खोलीत ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते अशा यंत्रावर, सराव केला. शर्यतीला गेला, सकाळीच निसटलेल्या टोळीत सामील झाला, आणि शेवटी वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या बंदिस्त ट्रॅकवर, चार वेळच्या विजेत्या टॉम बोनेनला स्प्रिंटमध्ये मागे टाकून जिंकला. वय ३७. ती त्याची पंधरावी खेप होती.

मुलं ही गोष्ट ऐकली की पंधराव्या खेपेच्या प्रेमात पडतात. तुमच्या मुलाला मात्र चौदाव्या खेपेबद्दल विचारा. धूळ खात, हात सुन्न होईपर्यंत दगडांवरून दुसऱ्यासाठी चालवलेली, नाव कुठेही न आलेली चौदावी खेप त्याला चालेल का? या प्रश्नावर त्याचा चेहरा कसा होतो तेवढं बघा. माझ्या दृष्टीनं निम्मं समुपदेशन तिथेच झालं.

आता 'उशीर झालाय' याकडे येते, कारण घरातला सगळा ताण या एका शब्दानं आणलाय असं मला वाटतं. एव्हनपूलचं उदाहरण तो देतो ते खरं आहे, पण अर्धं. रेम्को एव्हनपूल २०१७ पर्यंत फुटबॉल खेळत होता, तोही अँडरलेख्त आणि पीएसव्हीच्या युवा संघांत. सायकलकडे तो सतराव्या वर्षी वळला, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयात. प्रिमोझ रोग्लिच तर विशीनंतरही स्की जंपिंग करत होता. २००७ मध्ये ज्युनिअर गटात सांघिक विश्वविजेता झालेला हा स्लोव्हेनियन नंतर सायकलवर आला आणि त्यानं चार वेळा स्पेनची व्हुएल्ता, एकदा इटलीची जिरो द'इटालिया आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे एकट्यानं घड्याळाशी लढायच्या शर्यतीचं, सुवर्ण मिळवलं. कॅनडाचा मायकल वुड्स धावपटू होता. अठराव्या वर्षी एक मैल चार मिनिटांच्या आत धावलेला. पायाच्या हाडांना पुन्हा पुन्हा चिरा पडल्या, धावणं सुटलं, दुखापतीतून सावरताना सायकल हाती आली. टूरमधला टप्पा त्यानं २०२३ मध्ये पुई द डोमच्या माथ्यावर जिंकला, ३६ व्या वर्षी.

पण ताई, इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. उशिरा आलेले हे लोक रिकाम्या हातांनी आले नव्हते. त्यांची हृदयं, फुप्फुसं, पाय दुसऱ्या खेळात वर्षानुवर्षं घडलेले होते. म्हणून या गोष्टींचा अर्थ 'कधीही सुरू करा, जमेल' असा घेऊ नका. दमसासाची देणगी असेल तर ती दोन-तीन वर्षांत विझून जात नाही, एवढाच घ्या. आणि ती आहे की नाही हे आज मोजता येतं. क्रीडावैद्यकाच्या प्रयोगशाळेत शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं हे तपासतात, आणि सायकलवरच्या पॉवर मीटरवर दर किलो वजनामागे किती वॉट तो किती वेळ टिकवतो ते दिसतं. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन २०२० मध्ये झ्विफ्ट या घरबसल्या सायकलिंगच्या ॲपच्या ऑनलाइन स्पर्धेतून अशाच आकड्यांवर निवडला गेला, त्याला व्यावसायिक करार मिळाला आणि २०२२ च्या व्हुएल्तात त्यानं दोन टप्पे जिंकले. पुढच्या वर्षी तो कुणाच्या संघात गेला माहीत आहे? पोगाचारच्या. म्हणजे भिंतीवरच्या माणसासाठी वारा खाणाऱ्यांत.

दोन खुल्या शर्यतींत पहिल्या दहांत येणं ही चांगली सुरुवात आहे. त्यावरून मी त्याला कुठलंही आश्वासन देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. पुरुषांच्या वरच्या पातळीवर, वर्ल्डटूरमध्ये, अठरा संघ आहेत. जगभरातून मिळून जेमतेम पाचशेच्या आसपास जागा. तिथे किमान वेतनाचा नियम आहे. खाली कॉन्टिनेन्टल पातळीवर सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा असा नियम नाही, आणि तिथे कित्येक मुलं दुसरी नोकरी सांभाळून सायकल चालवतात. योनास व्हिन्गेगोर डेन्मार्कमधल्या हान्स्टहोम बंदरात पहाटेपासून मासळीच्या कारखान्यात काम करायचा आणि दुपारी सरावाला जायचा. पुढे २०२२ आणि २०२३ ची टूर त्यानं जिंकली. मार्क कॅव्हेंडिश शाळेनंतर बँकेत नोकरी करून पैसे साठवत होता. त्याच्या नावावर आज टूरचे ३५ टप्पे आहेत, हा विक्रम आहे. दोघांनीही पोटापाण्याचं काम आणि सराव शेजारी शेजारी ठेवला होता. हातचं सोडून पळत्याच्या मागे कुणी लागलं नव्हतं.

शिक्षणाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या मुलाचं गणित चांगलं आहे.

आना कीजनहोफर ही ऑस्ट्रियाची गणितज्ञ. व्हिएन्ना आणि केंब्रिजला शिकली, बार्सिलोनात पीएचडी केली, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला संशोधन करत होती. एका व्यावसायिक संघात थोडा काळ काढून ती बाहेर पडली होती. टोकियो ऑलिंपिकला गेली तेव्हा तिच्याकडे कुठल्याच व्यावसायिक संघाचा करार नव्हता आणि महिलांच्या रोड शर्यतीत ऑस्ट्रियाची ती एकटीच होती. सराव, खाणं, उष्णतेची सवय, सगळं तिनं स्वतः आकडेमोड करून आखलं होतं. २५ जुलै २०२१. शर्यत सुरू होताच ती निसटली. आणखी काही जणी बरोबर होत्या, त्या एकेक करून गळाल्या. शेवटचे चाळीसेक किलोमीटर ती एकटी होती. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावू देत नाहीत. मागच्या घोळक्यात जगातल्या सगळ्यात बलाढ्य डच बायका होत्या, आणि पुढे अजून कुणी आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. सव्वा मिनिटानं मागाहून आलेल्या आनेमीक व्हान व्ल्यूटननं रेषा ओलांडताना आनंदानं हात वर केले. तिला वाटलं, सुवर्ण आपलं. ते आधीच एका गणितज्ञाच्या गळ्यात जायचं ठरलं होतं.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की तिचं शिक्षण तिच्या सायकलिंगच्या आड आलं नाही, ते तिच्या सायकलिंगमध्ये उतरलं.

आणि डॅन बिगहॅम. हा इंग्लंडचा मोटरस्पोर्ट अभियंता, हवेचा विरोध कमी कसा करायचा यातला जाणकार. १९ ऑगस्ट २०२२ ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्खेनच्या वेलोड्रोममध्ये त्यानं एका तासात ५५.५४८ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. त्या वेळी तो इनिऑस या व्यावसायिक सायकलिंग संघात अभियंता म्हणून नोकरीला होता. विक्रम करताना जे जे कळलं ते त्यानं संघातल्या फिलिपो गान्नाच्या तयारीत ओतलं. सात आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर गान्नानं ५६.७९२ किलोमीटर केले आणि बिगहॅमचा विक्रम मोडला. स्वतःचा विक्रम मोडायला मदत करणं हे त्याच्या नोकरीतलं काम होतं, आणि त्यानं ते मन लावून केलं. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला सायकलपटू म्हणून सांघिक शर्यतीत रौप्यही मिळालं. व्हिएत्तोनं चाक दिलं, यानं ज्ञान दिलं. तुमचा मुलगा या दोघांत स्वतःला कुठे पाहतो ते त्याला विचारा.

बाकी कामांची नुसती नावं घेते. संघाच्या गाडीतून डावपेच सांगणारे संचालक, रात्री सायकली धुऊन तेलपाणी करणारे मेकॅनिक, मसाज करणारे, आहारतज्ज्ञ, डॉक्टर, शर्यतीचा मार्ग आखणारे. महिलांच्या टूर द फ्रान्सची संचालक मारियाँ रूस ही स्वतः फ्रान्सची राष्ट्रीय विजेती होती. या खेळात राहायचे बरेच रस्ते आहेत, आणि त्यातले बहुतेक शिक्षणाच्या दारातून जातात.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जून २०२३ मध्ये जिनो मेडर हा सव्वीस वर्षांचा गुणी स्विस सायकलस्वार टूर द स्वीसमध्ये आल्बुला घाट उतरताना दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मुलाचा लाडका एव्हनपूल २०२० मध्ये इल लोम्बार्दिया शर्यतीत पुलाच्या कठड्यावरून खाली कोसळला, कटीच्या हाडाला फ्रॅक्चर झालं, कित्येक महिने शर्यतीबाहेर होता. डिसेंबर २०२४ मध्ये तर साध्या सरावाला निघालेला असताना टपालाच्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि तो आदळला. खांदा, बरगडी, हात, सगळीकडे मोडतोड. शर्यतीत रस्ता बंद असतो, सरावात नसतो. म्हणून सरावाचे नियम आई म्हणून तुम्ही ठरवा आणि त्यात तडजोड करू नका. हेल्मेट कायम. दिव्याशिवाय पहाटे बाहेर पडायचं नाही. उताराचं तंत्र जाणत्या प्रशिक्षकाकडून शिकायचं, व्हिडिओ पाहून नाही. व्यावसायिकांनाही हेल्मेट नको वाटायचं. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्हचा जीव गेला, त्यानंतर ते सक्तीचं झालं.

पण ज्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत अशा दोन गोष्टींची मला अपघाताइतकीच काळजी वाटते. एक म्हणजे वजन. घाटात हलका माणूस वेगानं चढतो हे मुलांना फार लवकर कळतं, आणि मग ताटातलं कमी होऊ लागतं. वाढत्या वयात हे हाडांना आणि मनालाही महागात पडतं. तो जेवण टाळतोय, दिवसातून दोनदा वजनकाट्यावर उभा राहतोय असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्यायला थांबू नका.

दुसरी गोष्ट डोपिंगची. ब्रिटिश सायकलस्वार टॉम सिम्प्सन १९६७ च्या टूरमध्ये माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर कोसळून मेला. शरीरात उत्तेजक द्रव्य सापडलं. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची टूरची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. ही नावं मुलाला माहीत असतीलच. त्याला ख्रिस्तोफ बासों माहीत आहे का ते विचारा. १९९९ च्या टूरमध्ये हा फ्रेंच सायकलस्वार वर्तमानपत्रात लिहीत होता की या घोळक्यात सगळं स्वच्छ नाही. आर्मस्ट्राँगनं चालत्या शर्यतीत त्याला गाठून 'निघून जा' असं सुनावलं. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. स्वतःच्या संघातही तो एकटा पडला आणि शर्यत पूर्ण न करता घरी गेला. पुढे त्यानं डोपिंगविरोधी काम केलं. माझ्या लेखी त्या वर्षीच्या टूरमधला सगळ्यात धीराचा माणूस तोच. भिंतीवर एखादा फोटो वाढवायचा असेल तर त्याचा वाढवा.

मग आता करायचं काय? शिक्षण थांबवायचं नाही. तो आत्ता ज्युनिअर गटात आहे, त्यानंतर २३ वर्षांखालच्यांचा गट चार वर्षं असतो, आणि सतराव्या वर्षी आठवड्याला बारा-पंधरा तासांचा नीट आखलेला सराव अभ्यासाबरोबर बसतो. पुढचे बारा आठवडे त्याच्या बाबांनी 'नाही' म्हणायचं नाही आणि त्यानं 'सोडतो' म्हणायचं नाही, असं तिघांत ठरवा. या काळात एकदा प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या. झोप, खाणं, अभ्यासाचे तास आणि सायकलवरचे तास त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहावेत. गणिताच्या मुलाला महिन्याभरात त्यातून बरंच दिसेल.

आणि एक अट माझी. या बारा आठवड्यांत एका शर्यतीत त्यानं दुसऱ्यासाठी सायकल चालवावी. बरोबर सराव करणाऱ्यांपैकी कुणा एकाला जिंकवायचं ठरवावं, त्याच्यासाठी वाऱ्यात राहावं, आपलं पाणी त्याला द्यावं, वेळ आली तर चाकही द्यावं, आणि ताकद संपल्यावर मागून कितव्याही क्रमांकानं शर्यत पूर्ण करावी. तुम्ही दोघं जा बघायला. घरी येताना निकालाबद्दल काही बोलू नका.

त्या संध्याकाळी मला त्यानं स्वतः पत्र लिहावं. कितवा आला ते नको. कुणासाठी किती किलोमीटर वाऱ्यात होता आणि तेव्हा कसं वाटलं, तेवढं लिही म्हणावं.